सांगायचं काम

"बारा वर्षं झाली या शहरात, पण पोह्यांवर धड तर्री कुणी घातली नाही," सूर्यकांत सर स्टिअरिंगला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटले. "आता तर बायकोसुद्धा वरून शेव टाकते. शेव!"

मी शेजारच्या सीटवर होते, त्यामुळे मलाही ऐकू आलं. मी "हं" म्हटलं. पुढे गाड्यांची रांग होती, मागे गाड्यांची रांग होती, आणि गुरुग्रामचे काचेचे टॉवर धुरकटात अर्धे बुडालेले होते. मानेसर अजून बरंच लांब होतं.

सर मूळचे नागपूरचे, वैरागडे. मानेसरच्या पुढे एक खाजगी विद्यापीठ आहे, तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे ते हेड कोच आणि मी त्यांची असिस्टंट. ते दिल्लीत आर. के. पुरमला राहतात, मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रोज सकाळी ते मला घ्यायला येतात आणि संध्याकाळी सोडतात. इतकी वर्षं एका गाडीत शेजारी बसून काढली की माणसाच्या पोटातलं कळायला लागतं. सरांना काही सांगायचं असलं आणि सांगवत नसलं, की ते खाण्यावर घसरतात. दिवाळीपासून आमच्या गाडीत बाकरवडी, भरली वांगी, कँटीनचा राजमा अशी सगळ्यांची निंदा करून झाली होती. त्यावरून गोष्ट मोठी होती.

आणि ती मला माहीत होती. पुढच्या सत्रापासून मला काढणार होते.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्टोअरचा रामफल टेप घेऊन जिममध्ये आला होता, पुढच्या सिझनच्या ट्रॅकसूटची मापं घ्यायला. त्यानं मुलींची मापं घेतली, सरांच्या पोटाभोवती टेप फिरवताना हसू दाबलं, नव्या असिस्टंटचे, धवलचे, खांदे मोजले. मी हात पसरून उभी राहिले. रामफल टेप गुंडाळत म्हणाला, "मैडम, आपका तो है ना पुरानावाला. अभी बिल्कुल नया लगता है." आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. माझ्या ट्रॅकसूटच्या गुडघ्यांना भोकं पडली आहेत, हे त्यालाही दिसत होतं. मी पसरलेले हात खाली घेतले.

धवल ऑगस्टमध्ये आला. अहमदाबादचा आहे, तिशीच्या आतबाहेर, हातात सतत टॅबलेट. कोणती मुलगी कोर्टवर कुठून बास्केट मारते, किती लागतात, किती चुकतात, ते तो रंगीत ठिपक्यांनी दाखवतो. मुलगा वाईट नाही. मला "मॅम" म्हणतो, बॉलचा जाळीचा थैला माझ्या खांद्यावरून ओढून स्वतः घेतो. फक्त ट्रॅकसूटच्या त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जास्तच मऊ बोलायला लागला. आजारी माणसाशी बोलतात तसं.

मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल. एक दिवस वाट बघितली, दोन दिवस बघितली. काहीच नाही. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला नसतो, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. भाजीत मीठ किती पडलं ते कळेना. बॉल हातात घ्यायचे तर त्याचे दाणे लागायचे नाहीत. मग मीही वाट बघायचं सोडून दिलं आणि वेगळ्याच गोष्टीची वाट बघू लागले. मला हे कोण सांगणार आहे, याची.

त्याचं कारण आहे. आमच्या टीममध्ये सांगायचं काम माझं.

मी सांगलीच्या शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचे. लग्न झालं, अशोकची नोकरी इथल्या मंत्रालयात, मी दिल्लीत आले. तेव्हा आमच्या कॉलनीत एक मोडकं कोर्ट होतं. तिथे तमिळ, बंगाली, ओडिया अशा सगळ्यांच्या पोरांना मी संध्याकाळी खेळवायचे. शिकले ते सगळं बघून बघून. स्टेडियमवर जाऊन बसायचे, परदेशातल्या मॅचेस थांबवून थांबवून पाहायचे, रेफरी लोकांना चहा पाजून नियम विचारायचे. पतियाळाचा कोचिंगचा डिप्लोमा केला नाही. पोरगी लहान होती, मग सासूबाई आजारी होत्या, मग माझं वय झालं. डिप्लोमा नाही म्हणजे हेड कोच होता येत नाही, हे सुरुवातीलाच साफ होतं, आणि मला त्याचं फार काही नव्हतं. सरांनी एकदा आमच्या पोरांना खेळताना पाहिलं आणि मला विद्यापीठात घेऊन गेले. त्यांना दिल्लीत मराठी बोलणारं कुणीतरी हवं होतं आणि मला लाकडी कोर्ट.

मॅच चालू असताना बेंचवरच्या दोन कोचांपैकी एकालाच उभं राहता येतं, असा नियम आहे. एक उभा असला की दुसऱ्यानं बसायचं. सर उभे राहायचे. मला बसून जे दिसायचं ते मी त्यांच्या पट्ट्याच्या बकलला सांगायचे, आणि ते वरून ओरडायचे. "पाच नंबरला बदला, तिचा पाय आखडलाय," मी बकलला म्हणायचे. "रेस्ट! फाइव्ह, रेस्ट!" वरून गर्जना व्हायची. मुलींना हे माहीत होतं. त्या मला "अंडरग्राउंड" म्हणायच्या.

पण माझं खरं काम मॅचआधीचं. स्पर्धेला बारा मुली नेता येतात, सरावाला तर वीस-बावीस असतात. निवड सर करायचे. न निवडलेल्यांना सांगायचं मी. पहिल्या वर्षी सर म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाई माणूस आहात, तुम्ही नीट सांगाल," आणि ते असे जिमबाहेर निघून गेले की जणू गाडीला आग लागली आहे. त्यानंतर मग तसंच चालत आलं. विद्यापीठात ते मला मॅडम म्हणतात. वहिनी म्हटलं की मी समजायचं, काहीतरी अवघड माझ्याकडे सरकतंय.

सांगता सांगता मला सांगायला जमायला लागलं. कोर्टवर सांगायचं नाही, कारण त्या मुलीला उद्या तिथे परत खेळायचं असतं. आधी कौतुक करायचं नाही. कौतुक सुरू झालं की पोरींना लगेच वास येतो, आणि मग त्यांना दोन वेळा ऐकावं लागतं. पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं आणि मग तिथेच बसून राहायचं, ती उठेपर्यंत. रडली तर पाणी पुढे करायचं नाही. पाणी प्यायला रडणं थांबवावं लागतं, आणि ते आपल्या सोयीचं असतं, तिच्या नाही. रोहतकच्या एका मुलीनं माझ्यासमोर चाउमीनची पूर्ण प्लेट संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मैडम, एक और मँगा लूँ? आज आप ही खिलाओगे." मी मागवली. तीही संपवली. मग रडली.

तर अशा बाईला सांगायचं कुणी?

घरी अशोकला माहीत होतं. सरांनी त्याला फोन केला होता. तो बाल्कनीत जाऊन, दार लोटून बोलत होता, पण आमची बाल्कनी स्वयंपाकघराला लागून आहे. "हो हो, सर... नाही, समजू शकतो ना... मॅनेजमेंटचं काय सांगता येतं... बघतो, योग्य वेळ बघून..." असं मला ऐकू आलं. त्या रात्री जेवण झाल्यावर अशोकनं भांडी घासली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात तो पहिल्यांदाच कढई घासत होता. तेव्हा माझी उरलीसुरली शंका गेली.

योग्य वेळ काही त्याला सापडली नाही. त्याऐवजी तो पुण्याच्या फ्लॅटबद्दल बोलायला लागला. रिटायर झाल्यावर गॅलरीत कुंड्या कशा लावायच्या, तू मोकळी असशील तर एखादी सहल, वगैरे. मी कशी मोकळी असेन ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आणि मग सत्काराचं निघालं.

विद्यापीठाच्या क्रीडादिनाला, टीम स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी, माझा सत्कार करायचा असं ठरलं. कल्पना सरांची. हरयाणात बुके देतात, ट्रॉफी देतात, पण सर म्हणाले, "नाही, आपल्याकडच्यासारखा. शाल, श्रीफळ." सरांच्या मिसेसचा मला फोन आला. "मोरपंखी आवडेल की मरून?" मी म्हटलं, "कशासाठी?" तर त्या घाईघाईनं म्हणाल्या, "असंच हो. तुमच्या इतक्या वर्षांच्या योगदानाबद्दल." मी म्हटलं मरून. नारळ आय.एन.ए. मार्केटमधून आणायचा, हेही त्यांनी सांगून टाकलं. शेंडी असलेला तिथेच मिळतो.

जेवताना मी घरी सांगितलं. संपदा, माझी मुलगी, दिल्लीतच वाढलेली, नोएडात नोकरी करते. तिचं मराठी जेवण-खाण आणि भांडण एवढ्यापुरतं पक्कं आहे. तिनं वरणाची वाटी खाली ठेवली.

"सत्कार म्हणजे ते रिटायरमेंटवालं ना, आई? पण तू तर कुठे..."

"जेव," अशोक म्हणाला.

"नाही, मी फक्त मतलब विचारतेय."

"काकडी घे. छान आहे काकडी."

संपदानं माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि काकडी घेतली. आम्ही तिघांनीही बराच वेळ काकडी खाल्ली.

त्याच आठवड्यात बारा मुली ठरल्या. सर, धवल आणि मी जिमच्या पायऱ्यांवर बसलो होतो. अकरा जणींवर वाद नव्हताच. बाराव्या जागेसाठी दोघी होत्या, अक्षया आणि वैभवी. धवलचे ठिपके अक्षयाच्या बाजूनं होते, आणि खरं सांगायचं तर माझे डोळेही. वैभवी जीव तोडून खेळायची, पण डावीकडे वळताना तिचा पाय उशिरा पडायचा. वैभवीचे वडील चाकणच्या कारखान्यातून बदली होऊन मानेसरला आले. गाड्यांचे पार्ट बनवतात. चाळिसाव्या वर्षी हिंदी शिकलेला माणूस. पोरगी सरांशी आणि माझ्याशी मराठीत बोलायची आणि बोलताना दर वेळी जरा हसायची, परक्या गावात ओळखीचं माणूस दिसल्यासारखी.

"चला, मग अक्षया," सर उठत म्हणाले. चड्डीवरची धूळ झटकली. "वहिनी, वैभवीला तेवढं..."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून आलं. आवाजही नेहमीचाच होता, चहा नको म्हणतानाचा.

सर थबकले. "मी?"

"हो. ती समोरच आहे. बास्केटखाली."

"पण नेहमी तर तुम्हीच..."

"या वेळी तुम्ही."

धवल टॅबलेटमध्ये डोकं खुपसून बसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, बहुतेक सवयीनं. मग ते वैभवीच्या दिशेनं चालू लागले. त्यांची चाल एवढी सावकाश मी कधी पाहिली नव्हती.

लांबून मला ऐकू येत नव्हतं. सरांनी तिच्या हातातून बॉल घेतला, आणि तिथेच मला कळलं की ते चुकणार. मग त्यांनी बॉल दोनदा आपटला. मग काहीतरी बोलले. वैभवी मान हलवत होती. ते पुन्हा बोलले, हात हलवून, बराच वेळ. आणि मग त्या पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खाली वाकून सरांच्या पायांना हात लावला आणि धावत सुटली. धावता धावता ओरडली, "मॅम! सर म्हणाले, मी आहे!"

सर परत आले. कपाळावर घाम होता. जानेवारी चालू होता.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी सुरुवात बरोबर केली होती," सर म्हणाले. "म्हटलं, तू फार मेहनत घेतेस. ती हो म्हणाली. म्हटलं, तुझी प्रगती खूप आहे. मग तिनं असं बघितलं ना माझ्याकडे, वहिनी... काय बोलू पुढे? म्हटलं, तयारीत राहा. तर ती म्हणाली, म्हणजे मी आहे? आणि मी..."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो ना."

धवलनं हिंदीत विचारलं, काय झालं. मी सांगितलं, "तेरह हो गईं." तो हसला, आणि मग आमचे चेहरे बघून थांबला.

तेरावी मुलगी नेता येत नाही. स्पर्धेचा नियमच तसा. आणि अक्षयाला सरांनी आम्ही पायऱ्यांवर बसायच्या आधीच, सकाळी, स्वतः सांगून टाकलं होतं. चांगली बातमी द्यायला ते कधी चुकत नाहीत. संध्याकाळी गाडीत सर बोललेच नाहीत, पोह्यांबद्दलही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते शेवयांच्या खिरीवर बोलले, टोल येईपर्यंत. परवा बोलू, ते म्हणाले, निघायच्या आत बोलू, अजून कुणीतरी आजारी पडूही शकतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एखादीला ताप यावा, अशी माझ्या शेजारी बसून ते देवाला प्रार्थना करत होते.

कुणीही आजारी पडलं नाही. वैभवीनं नवे मोजे आणले. सरावाला सगळ्यांच्या आधी येऊन उड्या मारायला लागली. तिचे वडील एकदा ड्यूटी संपवून कंपनीच्या बसनं उतरले आणि थेट जिमच्या दारात आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. कारखान्यात वाटले म्हणाले, तुमच्यासाठी वेगळे ठेवले. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि तो त्यांना गिळवेना. मी बघत होते. मलाही एक पेढा मिळाला. तो मी खाल्ला. गोड असावा.

क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी दुपारी सर माझ्यापाशी आले. जिम रिकामी होती, मी बॉलमध्ये हवा भरत होते.

"वहिनी, मला नाही जमत हो. तुम्ही सांगा. प्लीज. तुम्हाला सवय आहे."

मी पंप बाजूला ठेवला. "सांगते. पण तुम्ही तिथे उभं राहायचं."

"मी कशाला?"

"बघायला. इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नाहीत तुम्ही."

"मला बघवत नाही म्हणून तर..."

"माहितीय. तरी उभं राहायचं. बाहेर निघून जायचं नाही."

ते आले. जिमच्या मागे कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथे मी वैभवीला बोलावलं. सर दोन हात अंतरावर झाडाला टेकून उभे राहिले. ती हसत आली, सरांना बघून जास्तच हसली.

"वैभवी, तू बारा जणींत नाहीस," मी म्हटलं. "तू स्पर्धेला येणार नाहीस."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्याला आवरायला वेळ लागतो. ती सरांकडे वळली. "पण सर म्हणाले... सर?"

सर बुटांकडे बघत होते.

"सरांनी चुकून सांगितलं," मी म्हटलं. "तेव्हाही तू नव्हतीस. त्याच दिवशी कळायला हवं होतं तुला. ते झालं नाही."

"बाबांनी सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "बसमध्ये सगळ्यांना. त्यांनी शिफ्ट बदलून घेतलीय, मॅम, मॅच बघायला येणार होते." मग एकदम चढ्या आवाजात, "सर, तुम्ही हो म्हणालात! मी विचारलं होतं ना तुम्हाला, सरळ विचारलं होतं! नाही म्हणायचं होतं ना. मी रडले असते आणि गप्प बसले असते. आता मी बाबांना काय सांगू?"

मी बाकावर बसून राहिले. वैभवी माझ्या शेजारी बसली, पण मध्ये जागा सोडून. रडली नाही. पायातले ते नवे मोजे घोट्यापर्यंत खाली ढकलत राहिली, वर ओढत राहिली. पलीकडच्या रस्त्यावरून ट्रक जात होते. वेळ किती गेला ते मी पाहिलं नाही. सर हललेच नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

शेवटी तिनं विचारलं. जवळजवळ सगळ्याच विचारतात हे. "मी यापुढे प्रॅक्टिसला यायचं का?"

"यायचं," मी म्हटलं. "डावा पाय उशिरा पडतो तुझा. त्यावर काम करायचं."

"हे आधी का नाही सांगितलं कुणी?"

"मी सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये. तू ऐकलं नाहीस."

तिनं नाक पुसलं. "आता ऐकेन," म्हणाली, आणि गेली. सरांच्या अगदी समोरून गेली, पण पाहिलं नाही त्यांच्याकडे.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. मागच्या सीटवर दुकानाची पिशवी होती, तिच्यातून मरून शालीचा काठ दिसत होता. शेजारी शेंडीवाला नारळ. गाडी वळली की तो एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत गडगडत जायचा. सरांनी ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्नही केला नव्हता, किंवा विसरले असावेत.

टोल गेला. टॉवर आले, त्यांच्यात दिवे लागले होते. सर खाण्याबद्दल बोलतील म्हणून मी वाट बघितली, पण ते बोलले नाहीत. एकदा त्यांनी घसा खाकरला. एकदा रेडिओ लावला आणि बंद केला.

"नेहमी असं असतं?" त्यांनी विचारलं. "मुलींना सांगताना?"

"नाही. आज जास्त वाईट होतं."

"माझ्यामुळे."

मी नाही म्हटलं नाही.

धौला कुआँच्या अलीकडे पुन्हा सगळं थांबलं. पुढच्या बसचे लाल दिवे सरांच्या चष्म्यावर पडले होते. मला भूक लागली होती का ते मी पोटाला विचारून पाहिलं. कळलं नाही.

"सर," मी म्हटलं, "उद्या माझा सत्कार कशाबद्दल आहे?"

"इतक्या वर्षांच्या..." त्यांनी सुरुवात केली.

"ते झालं. तुमच्या मिसेसनी सांगितलं. कशाबद्दल आहे?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. पुढे बस हलली होती, पण सरांनी गाडी हलवली नाही. आणखी दोन हॉर्न झाले. कुणीतरी काच खाली करून हिंदीत आईबहीण काढली. सरांनी हात वर करून माफी मागितली, गाडी हळूच डाव्या कडेला घेतली, उभी केली, आणि इंजिन बंद केलं. नारळ गडगडत जाऊन दाराला लागला.

"मला वाटलं अशोकभाऊ सांगतील," ते म्हणाले.

"नाही सांगितलं."

"तुम्हाला कळलंय ना पण? सगळ्यांना वाटतं तुम्हाला कळलंय."

"कळलंय. सांगितलं नाही कुणी."

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी फार कमी वेळा पाहिला आहे. म्हातारा आणि थोडा ओळख नसलेला.

"वरून आलंय ना?" मी म्हटलं. हे त्यांच्यासाठी सोपं करायला म्हटलं, की माझ्यासाठी, मला माहीत नाही. अशोकही हेच म्हणाला होता, माझ्याकडे न वळलेल्या रामफलच्या मानेतही हेच होतं, आणि मी महिनाभर हेच मनाशी म्हणत आले होते. सगळं वरून येतं. सरांच्याही वरून कुठूनतरी.

त्यांनी मान हलवली. सुरुवातीला मला वाटलं, हो म्हणताहेत.

"एकच असिस्टंट ठेवता येईल, एवढंच वरून आलं," ते म्हणाले. "कोण, ते त्यांनी मला विचारलं. मी धवलचं नाव दिलं. तुम्हाला मी काढलंय, वहिनी."